शेऱ्याचा रकाना

सव्वीस मुलं. तुकडी दोन वर्षांपूर्वीची,
डिझेल मेकॅनिक, सागरी इंजिन.
तक्ता वरून आलाय. प्रत्येकापुढे चार घरं:
नोकरीत, स्वयंरोजगार, पुढील शिक्षण, इतर.
टिक एकाच घरात. शुक्रवारी पाचपर्यंत.

प्राचार्य म्हणाले, मुणगेकर,
पंच्याऐंशीच्या खाली गेलो
तर ही तुकडी पुढल्या जूनला नाही.
मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनी विचारलं नाही.

मग फोन लावत बसलो वर्कशॉपच्या ओट्यावर,
तिथेच रेंजच्या दोन काड्या येतात.

इम्तियाज दर्वे कतारला, जहाजावर ऑइलर.
पगार सांगताना आवाज खाली आणला त्यानं,
जणू देवगडात कुणी ऐकेल.
नोकरीत. टिक.
फेलिक्स वास्कोला. बंदरात नाही,
बिस्किटांच्या गोदामात खोकी मोजतो.
नोकरीत. टिक. कसली, ते तक्ता विचारत नाही.

लवू तारी म्हणाला, "सर, मी हंयच आसंय."
काय करतोस?
"एप्रिलात कॅनिंगात, मे म्हयन्यात पर्यटकांची होडी,
जूनात काय नाय,
जुलैत होडये वर काडले काय इंजिना खोलतंय."
किती मिळतात?
"मेळता तितको."
जूनमध्ये विचारलं असतं तर हा बेकार,
जुलैत कारागीर, एप्रिलात हंगामी मजूर.
घरं चार, आणि माणूस बारा महिन्यांचा.

पहिल्याच दिवशी मी पोरांना शिकवतो:
कॅलिपर हातात घेतला की आधी जबडे मिटा,
शून्य शून्यावर येतंय का बघा.
नसेल येत, तर पुढचं प्रत्येक माप
तेवढंच खोटं बोलेल,
आणि अगदी प्रामाणिकपणे बोलेल.

मयुरी खवणेकर. तुकडीतली एकुलती मुलगी.
तिच्या मापाचा ओव्हरऑल शेवटपर्यंत आला नाही,
दोन वर्षं बाह्या दुमडून शिकली.
फोन आईनं घेतला. म्हणाली, ती घराकच असता.
घरी म्हणजे इतर. पेन टेकवलं होतं.
तेवढ्यात मागून आवाज आला, दोन सिलिंडरचा,
एक ठोका गिळणारा,
मग कुणीतरी काहीतरी अर्धा आटा फिरवलं
आणि तो सरळ झाला.
कोण करतंय ते?
"तीच. काम बाबाच्या नावान घेतता.
चेडवाच्या हातात इंजिन कोण देता?"

पाटी वडिलांची, पावती वडिलांची.
वडिलांच्या डोळ्यांत तीन वर्षं मोतीबिंदू,
ते खुर्चीवर बसून गिऱ्हाइकाशी हवापाण्याचं बोलतात.

स्वयंरोजगार. टिक.
शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं:
आनंदवाडीच्या अकरा होड्या हिच्या हातच्या आ
आणि कॉम्प्युटर थांबला. अक्षरं संपली.

पुरावा जोडावा, खाली लिहिलंय,
नियुक्तीपत्र किंवा पगारपत्रक.
तिनं रात्री एका बिलाचा फोटो पाठवला.
नोझल दोन, गॅस्केट एक, मजुरी साडेसहाशे,
सही वडिलांची.
कोपऱ्यात कागद धरलेला अंगठा आलाय,
नखाच्या मुळापर्यंत काळा.
छाटायचा राहिला, म्हणाली, सर, परत पाठवू?
नको म्हटलं. तोच जोडला.

आज शुक्रवार. पाचला वीस कमी.
लवू धरून, मयुरी धरून बावीस झाले.
बावीस भागिले सव्वीस:
चौऱ्याऐंशी पूर्णांक एकसष्ट.
प्राचार्य दोनदा दारातून डोकावून गेले, काही बोलले नाहीत.
रुपेश कुबलची ओळ तेवढी कोरी आहे.
कुणी म्हणतं मालवणला ट्रॉलरवर आहे,
कुणी म्हणतं ट्रॉलर सोडून सहा महिने झाले.
एक टिक. कोण विचारणार आहे?

टेबलावर कॅलिपर पडलाय, जबडे उघडे.
सवयीनं मिटून बघितले.

कुबलचा नंबर पुन्हा लावलाय.
वाजतोय.